मनःस्वास्थ्याची प्रश्नावली आपल्या मुलांवर चालते की नाही, हे तपासायचं कसं?

खाडीपल्याड (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. यंदा पदवीच्या मुलामुलींच्या मनःस्वास्थ्याची पाहणी करायची असं आमच्याकडे ठरलं आहे. समिती झाली, आणि दुसऱ्याच बैठकीत फॉर्म तयार होऊन समोर आला. इंग्रजीतली १४ विधानं मराठीत आणलेली, प्रत्येकापुढे 'कधीच नाही' ते 'सतत' असे ५ पर्याय. ही आपल्या मुलांवर तपासून पाहिली आहे का, असं मी विचारलं. उत्तर आलं, "मॅडम, आंतरराष्ट्रीय प्रश्नावली आहे. आल्फा ०.८९ आहे तिचा."

आल्फा म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, १ च्या जितका जवळ तितकी जुळणी जास्त. तो ०.८९ बरोबर आहे. ही वॉरविक-एडिनबरो मापनश्रेणी. २००७ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा ब्रिटनमधल्या विद्यार्थ्यांच्या गटावर आल्फा ०.८९ आणि सर्वसाधारण लोकसंख्येच्या नमुन्यावर ०.९१ आला होता. एका आठवड्याने तीच पुन्हा भरून घेतली तेव्हा दोन वेळच्या गुणांचा सहसंबंध, म्हणजे त्यांचा आपसातला मेळ, ०.८३ होता. काम चोख आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण ते आकडे तिथल्या मुलांनी, त्यांच्या भाषेत, त्यांच्या परिस्थितीत दिलेल्या उत्तरांचे आहेत. आमची मुलं संगमेश्वर, लांजा, राजापूरच्या वाड्यांतून पहिली एसटी पकडून येतात. बऱ्याच जणांच्या घरात कॉलेजची पायरी चढलेलं पहिलं माणूस तेच. उत्तरं देणारी माणसं बदलली की विश्वसनीयता, म्हणजे गुण किती भरवशाचे ते, पुन्हा मोजावी लागते, हे मी वर्गात शिकवते आणि समितीत मात्र ते कुणाला पटवता येत नाही.

एक उदाहरण देते. जागतिक आरोग्य संघटनेची ५ विधानांची छोटी प्रश्नावली बऱ्याच जणांना माहीत असेल. गेल्या २ आठवड्यांबद्दल विचारतात, प्रत्येक विधानाला ० ते ५ गुण, बेरजेला ४ ने गुणायचं की ० ते १०० मध्ये आकडा मिळतो. त्यातलं एक विधान सकाळी उठल्यावर ताजंतवानं, विश्रांती झाल्यासारखं वाटलं का, असं आहे. माझ्या वर्गात मिरकरवाड्याचा एक मुलगा आहे. हंगामात पहाटे बंदरावर मासळी उतरवायला जातो आणि तिथूनच कॉलेजला येतो. तो या विधानापुढे ० लिहील. उरलेल्या ४ विधानांना कदाचित ४-४ देईल, कारण पोरगा हसतमुख आहे, मित्र आहेत, अभ्यासात रस आहे. त्याला तुम्ही ६४ गुण द्याल. तोच मुलगा १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते तेव्हा भरेल तर ८० च्या पुढे जाईल. मग हा फरक मनाचा की झोपेचा? आणि अशी मुलं वर्गात बरीच असतील तर ते विधान बाकीच्या विधानांशी जुळणारच नाही.

इथे संख्याशास्त्रवाले आहेत, समुपदेशक आहेत, विद्यार्थीही आहेत. किती मुलं घ्यावीत, दुसऱ्यांदा कधी भरून घ्यावं, आल्फा सोडून काय बघावं, सगळं सांगा. मला ही पाहणी थांबवायची नाही, ती खरी व्हायला हवी आहे.

---

आकडेमोड

ताई, धागा काढलात हे उत्तम केलंत. आल्फाबद्दल मी थोडं विस्ताराने लिहितो, कारण आपल्याकडच्या प्रबंधांत "आल्फा ०.७ च्या वर, म्हणून प्रश्नावली विश्वसनीय" एवढ्या एका वाक्यावर सगळं निभावतं.

क्रॉनबाख यांचा १९५१ चा लेख या गुणांकामागे आहे. विधानं एकमेकांशी किती जुळतात आणि विधानं एकूण किती, या दोन गोष्टींवर तो चालतो. दुसरी गोष्ट लोक विसरतात. समजा, कुठल्याही दोन विधानांमधला सरासरी सहसंबंध ०.३ आहे, म्हणजे तसा बेताचाच. ५ विधानं असतील तर आल्फा येतो ०.६८. तितक्याच जुळणीची १४ विधानं घ्या, ०.८६ होतो. २० घ्या, ०.९०. विधानं पूर्वीइतकीच जुळतात, फक्त संख्या वाढली. म्हणून १४ विधानांचा आल्फा ०.८६ आला म्हणून हुरळून जाऊ नये, आणि ५ विधानांचा ०.६८ आला म्हणून ती टाकूनही देऊ नये. उलट ०.९५ च्या पुढे गेला तर एकच गोष्ट शब्द फिरवून विचारली जाते आहे का, हे बघावं.

आता यापुढची गंमत नीट वाचा. समजा, वर्गातल्या निम्म्या मुलांनी प्रश्न न वाचता सगळीकडे ३ वर खूण केली आणि निम्म्यांनी सगळीकडे ४ वर. आल्फा किती येईल? १. पूर्ण एक. कारण प्रत्येक विधान दुसऱ्याशी तंतोतंत जुळतं. वॉरविक-एडिनबरो काय किंवा ५ विधानांची काय, दोन्हींतली सगळी विधानं एकाच दिशेची, सकारात्मक आहेत. त्यामुळे सरळ रेषेत खुणा करणारा मुलगा तिथे पकडला जात नाही, आणि वर आल्फाही फुगवून जातो. मानसशास्त्रज्ञ रिफ यांच्या १९८९ च्या मनःस्वास्थ्याच्या मापनश्रेणीत उलटी, म्हणजे नकारात्मक अर्थाची विधानंही आहेत. तिथे सगळीकडे ४ देणारा स्वतःच्याच विरोधात उत्तर देतो आणि लगेच दिसतो. पण उलट्या विधानांचं वेगळं दुखणं असतं, घाईत वाचताना 'नाही' निसटतं, आणि घटक विश्लेषणात, म्हणजे कुठली विधानं एका गटात बसतात ते तपासताना, उलट्या विधानांचा वेगळाच गट पडतो.

तुमच्यासाठी सोपा उपाय असा की मध्येच एक ओळ टाका, "या ओळीत 'कधीकधी' वर खूण करा." ज्यांनी केली नाही त्यांचे फॉर्म वेगळे काढा, आणि ते किती निघाले हे अहवालात लिहा. लपवू नका. हा आकडाही पाहणीचा निष्कर्षच आहे.

---

तळकोकणी

ताई, मी विद्यार्थी, तिसऱ्या वर्षाला, सिंधुदुर्गातला. आमच्याकडे असा फॉर्म झाला होता, तो कसा झाला ते सांगतो.

शेवटच्या तासाला सर आले. मोबाईल काढा म्हणाले, लिंक टाकली ग्रुपवर. वर नाव, वर्ग, हजेरी क्रमांक. सर बाकांमधून फिरत होते. माझ्या शेजारचा म्हणाला, "अरे, चार चार मार नि सोड, गाडी चुकात माझी." त्याची वेंगुर्ल्याची एसटी होती. दुसरा गेले काही महिने खूप खचलेला होता, वडील गेले त्याचे. त्याने पण सगळं चांगलंच लिहिलं. नंतर मी विचारलं तर म्हणाला, "सरांका कित्याक सांगू? उद्या वर्गात सगळ्यांसमोर विचारतीत."

म्हणजे आकडेमोड काका म्हणतात तसंच. आमच्या वर्गाचा आल्फा खूप छान आला असणार.

---

खाडीपल्याड

तळकोकणी, हे इतकं स्पष्ट लिहिल्याबद्दल मनापासून आभार. आणि त्या मित्राला एकटं सोडू नका. तो फोनवर बोलायला तयार झाला तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली सेवा, पैसे पडत नाहीत, नाव सांगायची सक्ती नाही, मराठीत बोलता येतं.

तुमच्या प्रतिसादातून एक गोष्ट माझ्यासाठी पक्की झाली. नाव आणि हजेरी क्रमांक नाही घ्यायचा, शेवटचा तास नाही, आणि त्या वर्गाला शिकवणारं कुणीही खोलीत नको.

---

सुरंगी

मी समुपदेशक आहे, महाविद्यालयीन मुलांबरोबरच काम करते. आकडेमोडीकडे जाण्याआधी एक पायरी आहे, आणि ती सगळे गाळतात कारण तिचा तक्ता करता येत नाही. ८-१० मुलांना एकेकट्याने बसवा. एक विधान मोठ्याने वाचायला सांगा आणि विचारा, "खूण करताना मनात काय आलं ते बोल." तुम्ही समजावून सांगायचं नाही, फक्त ऐकायचं.

मागे एका मुलीबरोबर हे करत होते. विधान साधारण असं होतं की माझ्या बाबतीतले निर्णय माझे मला घेता आले. ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, "कॉलेज बाबांनी ठरवलं, विषय काकांनी ठरवला, लग्न कधी ते आजी ठरवते. पण मला त्याचा त्रास होत नाही, त्यांनी मला विचारलं होतं. आणि ग्रंथालयातून कुठलं पुस्तक आणायचं ते मी ठरवते." आणि मला विचारते, "मग मी किती देऊ?" अखेर तिने २ दिले. तिच्या शेजारच्या गावातल्या मुलाने तसंच घरचं वातावरण असताना ४ दिले होते, कारण त्याच्या डोक्यात फक्त गाडी घेऊन कुठे जायचं हा निर्णय होता. दोघांची मनःस्थिती मला सारखीच वाटत होती. विधानाने मुलगी आणि मुलगा यांना वेगळं मोजलं.

भविष्याबद्दल आशा वाटते का, या विधानाचंही तसंच. एक मुलगा म्हणाला, "इथे राहिलो तर नाही, मुंबईला गेलो तर हो." ही उत्तरं कुठल्याही गुणांकात दिसत नाहीत. १० मुलांशी बोललात की १४ पैकी ३-४ विधानांवर अडखळायला होतंय हे तुम्हाला कळेल, आणि ती कुठली तेही कळेल.

---

आसूदबाग

दापोलीहून. सुरंगी यांच्या मुद्द्याला जोडून लिहितो. आमच्या इथे कृषी विद्यापीठामुळे बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेली, वसतिगृहात राहणारी मुलं भरपूर. त्यांचा जुलै आणि इथल्या मुलांचा जुलै वेगळा असतो. ज्याने एवढा पाऊस कधी बघितला नाही, ज्याचे कपडे आठवडाभर वाळत नाहीत आणि ज्याला घर सोडून महिनाच झालाय, तो 'उत्साह वाटला' या विधानाकडे वेगळ्या नजरेने बघणार.

तेव्हा वसतिगृहातली मुलं आणि घरून येणारी मुलं यांच्या सरासरीची तुलना करण्याआधी प्रश्नावली दोन्ही गटांत सारख्याच पद्धतीने चालते का, ते बघायला हवं. मुलगे-मुली, मराठी माध्यम-इंग्रजी माध्यम, तिथेही तेच. नाहीतर "वसतिगृहातली मुलं कमी समाधानी" अशी बातमी होते आणि मुळात फूटपट्टीच दोन लांबीची असते.

---

रोखठोक

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडलं पाहिजे असं वाटतं. मी पालक आहे. चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या दुकानात छतापर्यंत पाणी होतं. मुलगी तेव्हा अकरावीत. त्यानंतर वर्षभर पाऊस वाढला की ती जिन्यात जाऊन बसायची. तिच्या कॉलेजात कुणी एक साधा प्रश्न विचारला असता, कसाही, कुठल्याही फॉर्मवर, तर आम्हाला आधार वाटला असता. तुम्ही इथे गुणांक आणि गट आणि दोनदा भरून घेणं यांत वर्ष घालवाल. तोवर त्या मुलांचं काय? आधी विचारा, मदत करा, तपासणी मागाहून होईल.

---

खाडीपल्याड

दादा, तुमच्या लेकीबद्दल वाचून वाईट वाटलं. आता ती बरी असेल अशी आशा करते. तुमचं म्हणणं मी टाळणार नाही.

मदत तपासणीसाठी थांबू नये, हे शंभर टक्के मान्य. समुपदेशकाचा दिवस ठरवणं, त्याची वेळ प्रत्येक वर्गाच्या फलकावर लावणं, पूर आला तिथल्या मुलांना जाऊन विचारणं, यातल्या कशालाच प्रश्नावली लागत नाही. ते उद्यापासून करता येतं आणि केलं पाहिजे. तुमच्या मुलीला कुणीतरी जवळ बसून विचारायला हवं होतं.

पण आमच्या समितीला दुसरंच काही हवं आहे. त्यांना यादी हवी आहे. ५० च्या खाली गुण असलेल्या मुलांची नावं काढायची, पालकांना बोलवायचं, असं बैठकीत बोललं गेलं. मी इतकी अडून बसले आहे ती यासाठी. ५० ही रेषा मुळात त्या ५ विधानांच्या प्रश्नावलीतली, आणि तिथेही ती या मुलाशी पुढे बोलून बघा, एवढंच सांगण्यासाठी वापरतात. तिच्यावरून निदान होत नाही. आणि तळकोकणी यांच्या वर्गात जे झालं ते पाहता, त्या यादीत खचलेला मुलगा नसेलच. त्यात फक्त प्रामाणिकपणे कमी गुण लिहिणारा सापडेल.

---

आकडेमोड

यादीबद्दल ताई म्हणतात त्याला एक हिशेब जोडतो. समितीपुढे तोच ठेवा.

समजा, तुमच्या मुलांच्या गुणांचं प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत ते, १० आहे आणि विश्वसनीयता ०.८४ आली. चांगलीच म्हणायची. मापनातली प्रमाण त्रुटी, म्हणजे एका मुलाच्या गुणांत साधारण किती चूक असू शकते ते, काढताना १ मधून ०.८४ वजा करायचे, उरलेल्या ०.१६ चं वर्गमूळ ०.४, त्याला १० ने गुणलं की ४. दोन्ही बाजूंना याच्या दुप्पट जागा सोडायची. म्हणजे एखाद्याला ४८ गुण पडले तर त्याचा खरा आकडा साधारण ४० ते ५६ या टप्प्यात कुठेही असू शकतो. ४८ चा मुलगा यादीत आणि ५२ चा बाहेर, याला काही अर्थ उरत नाही.

दोन वेळच्या गुणांतला फरक बघायचा तर अजून सांभाळून. दोन्ही वेळची त्रुटी एकत्र येते आणि ११ च्या आतला बदल निव्वळ योगायोगाने झाला असण्याची शक्यता उरते. "कार्यशाळेनंतर अमक्याचे गुण ५ ने वाढले" हे वाक्य एका मुलाबद्दल लिहायचंच नाही. पूर्ण वर्गाच्या सरासरीबद्दल लिहिता येईल, कारण तिथे त्रुटी एकमेकींना खाऊन टाकतात.

रोखठोक यांनी सांगितलेला पूर आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. समजा, एखाद्या प्रश्नावलीची पहिली फेरी तेव्हा १५ जुलैला आणि दुसरी ३० जुलैला झाली असती. दोन वेळच्या गुणांत काहीच मेळ राहिला नसता. ती प्रश्नावली वाईट ठरली असती का? उलट, बदल झाला आणि तिने तो दाखवला. पुन्हा भरून घेण्याची चाचणी मुलांच्या आयुष्यात त्या काळात फार उलथापालथ झालेली नाही, या गृहीतावर उभी असते.

---

तळकोकणी

मग एक विनंती. गणपतीच्या आधी एकदा आणि गणपतीनंतर एकदा असं करू नका! आधीच्या आठवड्यात सगळी पोरं हवेत असतात, मुंबईची माणसं येणार, भजनाची तयारी, घर रंगवणं. नंतर घरं रिकामी होतात, गाडीवर माणसं चढवून दिली की दोन दिवस काही सुचत नाही. आमच्या वाडीत तर जेवणपण गोड लागत नाही. शिमग्याचं पण तेच.

---

सुरंगी

हे अगदी खरं आहे, आणि पुस्तकात मिळणार नाही. आंब्याचा हंगामही धरा. मार्च ते मे बागेत कामाला जाणारी, पेट्या भरणारी मुलं वर्गात कमी असतात. त्या काळात भरून घेतलं तर जी मुलं हजर आहेत ती मुळात निराळी मुलं असतात.

---

खाडीपल्याड

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून आराखडा बदलला आहे. चुका दिसल्या तर सांगा.

आधी सुरंगी यांनी सांगितलं तसं मोठ्याने वाचून घेणं. त्यात मुद्दाम वेगवेगळी मुलं घेईन, बंदरावरची, बागेतली, वसतिगृहातली, इंग्रजी माध्यमातली. अडणारी विधानं मी परस्पर बदलणार नाही. वॉरविक-एडिनबरो वापरायला नोंदणी करून परवानगी घ्यावी लागते आणि मजकुरात मनाप्रमाणे फेरफार करायचे नसतात. त्यामुळे कुठे अडलं ते नोंदवून ठेवायचं, आणि फारच अडलं तर प्रश्नावलीच दुसरी निवडायची.

मग मुख्य फेरी. २५० ते ३०० मुलं मिळाली तर घटक विश्लेषणाला आधार येईल. १४ विधानं खरंच एकच गोष्ट मोजतात का, हे तिथेच कळणार. आल्फाबरोबर ओमेगा हा विश्वसनीयतेचा दुसरा गुणांकही काढणार आहे, कारण प्रत्येक विधानाचं वजन सारखं आहे असं तो धरत नाही. जामोवी नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही होतात, पदव्युत्तरच्या मुलींना शिकवून त्यांच्याकडूनच करून घेईन. नाव घ्यायचं नाही, पण दोन फेऱ्या जुळवायच्या आहेत. म्हणून प्रत्येकाने स्वतःच एक खूणशब्द तयार करायचा, आईच्या नावाची पहिली दोन अक्षरं आणि स्वतःच्या जन्मतारखेचा दिवस, असा काहीतरी.

दुसरी फेरी २ आठवड्यांनी, गणपती आणि परीक्षा दोन्ही टाळून. त्यात किमान ५० मुलं परत यायला हवीत, १०० आली तर फार छान. आकडेमोड सर, इथे नुसता सहसंबंध पुरेल का?

---

आकडेमोड

नाही पुरणार. समजा, दुसऱ्या वेळी प्रत्येकाचे गुण बरोबर ५ ने वाढले. सहसंबंध पूर्ण १ येईल आणि तुम्हाला वाटेल काहीच बदललं नाही. गटांतर्गत सहसंबंध गुणांक काढा, आणि त्यातही प्रत्यक्ष आकडे जुळतात का हे बघणारा प्रकार निवडा. कुठला प्रकार वापरला ते अहवालात लिहायला विसरू नका.

खूणशब्दाबद्दल एक सूचना. छोट्या वर्गात आईचं नाव आणि जन्मदिवस यावरून मूल ओळखता येतं. त्याऐवजी मुलांना बंद पाकिटात क्रमांक द्या, कुणाला कुठला गेला याची नोंद तुमच्याकडे ठेवू नका. पाकीट हरवलं तर तेवढी जोडी गेली, चालेल.

---

रोखठोक

ताई, तुमचा प्रतिसाद परत वाचला. यादीचा मुद्दा मला माहीत नव्हता. माझ्या मुलीचं नाव अशा यादीत आलं असतं आणि आम्हाला कॉलेजात बोलावलं असतं तर ती पुन्हा कॉलेजला गेली नसती. ती आता बरी आहे, शिकते आहे.

पण एक विचारतो. नाव नाही, नोंद नाही, म्हणजे कुणी अगदी तळाचे गुण दिले तरी तुम्हाला तो कोण ते कळणार नाही. मग त्याच्यापर्यंत पोहोचणार कसे?

---

खाडीपल्याड

हा प्रश्न मलाही छळतोय, आणि नाव न घेण्याची ही खरी किंमत आहे. ती कमी करायला एवढं करता येईल असं वाटतं. प्रत्येक फॉर्मबरोबर, गुण काहीही असोत, सगळ्यांना एक वेगळी चिठ्ठी द्यायची. तिच्यावर १४४१६, आमच्या समुपदेशकांचा वार, वेळ आणि खोली. खाली एक रिकामी जागा: 'माझ्याशी कुणी बोलावं असं वाटत असेल तर नाव आणि फोन लिहा.' ती चिठ्ठी फॉर्मपासून वेगळ्या पेटीत पडेल, आणि पेटी समुपदेशकच उघडतील. समिती नाही, मी नाही. सगळेच चिठ्ठी टाकणार, रिकामी का होईना, म्हणजे कुणी लिहिलं ते शेजारच्याला कळणार नाही.

आणि पेटी उघडल्यावर ४० नावं निघाली तर ४० जणांशी बोलायला माणूस लागेल. त्यासाठी पहिल्या फेरीच्या आठवड्यात समुपदेशक रोज यावेत, असं पत्र मी आजच प्राचार्यांना दिलं आहे. ते मंजूर झाल्याशिवाय फॉर्म वाटणार नाही, हेही त्यात लिहिलं आहे.

---

सुरंगी

मी त्या आठवड्यात २ दिवस यायला तयार आहे, मानधनाशिवाय. आणखी कुणी समुपदेशक रत्नागिरी-चिपळूण पट्ट्यात असतील तर इथे हात वर करा.

---

आसूदबाग

दापोलीहून माझी बहीण येईल, तिचं शिक्षण यातच झालंय. ताई, संपर्क करतो. आमच्या वसतिगृहातही हीच पद्धत वापरायची परवानगी मिळाली तर दोन्हीकडची उत्तरं शेजारी ठेवून बघता येतील.